उपकरण-फलकावरील एक नवी तबकडी

(हिमायतनगर येथे शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरी बांधलेल्या हलक्या विमानाच्या उपकरण-फलकात फेरबदल कसा करावा, हा आजचा विषय. हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावी या विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण फलक ही वस्तू आपल्याला अपरिचित नाही. विहिरीवरील मोटारीच्या स्टार्टरपेटीवर व्होल्टमीटरचा काटा असतो. विजेचा दाब डोळ्यांना दिसत नाही. काटा तो दाखवितो आणि त्यावरून शेतकरी मोटार सुरू करावी की थांबावे हे ठरवितो. काटा खोटे सांगू लागला तर मोटार जळते. विमानातील काटा खोटे सांगू लागला तर माणसाचा जीव जातो. एवढाच काय तो फरक.

दुसरे असे की, स्वतःच्या हातांनी विमान बांधणारा मनुष्य आता परदेशातच शोधावा लागत नाही. मुंबईतील कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने सहा आसनांचे विमान उभे केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची व्हीटी-एनएमडी या चिन्हाने नोंदणी झाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याने उड्डाण केले. गच्चीपासून धावपट्टीपर्यंतचा हा प्रवास अनेक वर्षांचा होता, आणि त्यातील बराचसा काळ परवानग्या मिळविण्यात गेला. तेव्हा स्वनिर्मित विमानाचे स्वातंत्र्य आणि त्यावरील शासनाची देखरेख यांचा मेळ कसा बसावा, हा प्रश्न आपल्याच राज्यातला आहे. उपकरण-फलक हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

प्रथम थोडा इतिहास पाहू. राइट बंधूंनी १९०३ साली पहिले उड्डाण केले, तेव्हा त्यांच्या यंत्रावर तीनच उपकरणे होती : वाऱ्याचा वेग मोजणारे एक, वेळ मोजणारे एक आणि इंजिनाचे फेरे मोजणारे एक. उंची व दिशा डोळ्यांनीच पाहावयाची होती. पण ढगात शिरल्यावर डोळे निरुपयोगी ठरतात आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय तर चक्क फसविते. विमान हळूहळू कलत जाते, पण बसलेल्याला ते सरळच चालले आहे असे वाटते. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात यासंबंधी एक प्रयोग झाला. केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालविण्याचे शिक्षण न घेतलेल्या २० व्यक्तींना बाहेरचे काही दिसू नये अशी व्यवस्था करून विमान हाती दिले. सर्वांचा ताबा सुटला. त्यास लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटेही नाही. पुढे योग्य शिक्षण दिल्यावर ताबा राखणे साध्य झाले. तात्पर्य, ढगात वैमानिकाचे प्राण फलकावर अवलंबून असतात. पण फलक वाचण्याचा अभ्यास हवा.

हे सिद्ध करणारा पहिला यशस्वी प्रयत्न २४ सप्टेंबर १९२९ रोजी झाला. जेम्स डूलिटल यांनी झाकलेल्या कक्षात बसून, केवळ उपकरणांवर विसंबून विमान उडविले आणि उतरविले. वेगाने फिरणारी जड चकती, जिला आपण घूर्णी म्हणतो, ती आपला अक्ष सहसा बदलत नाही. या गुणाचा उपयोग करून कृत्रिम क्षितिज दाखविणारे उपकरण त्यांच्या विमानात बसविले होते. पुढे वेगदर्शक, क्षितिजदर्शक, उंचीदर्शक, दिशादर्शक, वळणदर्शक आणि चढ-उतारदर्शक अशा सहा तबकड्या रूढ झाल्या व त्यांच्या जागाही ठरल्या. क्षितिजदर्शक मध्यभागी, डावीकडे वेग, उजवीकडे उंची, खाली दिशा. नजर मध्यापासून निघून ठराविक वाटेने फिरते आणि पुन्हा मध्यावर येते. पाढे पाठ झालेल्या मुलाप्रमाणे वैमानिकाच्या नजरेला ही वाट पाठ झालेली असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विमान बांधून झाले, काही वर्षे उडाले, आणि मालकाला एक नवे उपकरण बसवावेसे वाटले. पत्र्याला एक भोक पाडावयाचे आणि चार स्क्रू आवळावयाचे, एवढेच काम वरवर दिसते. प्रत्यक्षात हा एक बदल पाच ठिकाणी परिणाम करतो.

पहिला परिणाम नजरेवर. नव्या तबकडीसाठी जुनी बाजूला सरकविली तर पाठ झालेली वाट मोडते. म्हणून जाणते कारागीर आधी पुठ्ठ्याचा फलक कापतात, त्यावर तबकड्यांची चित्रे चिकटवितात आणि पट्टे बांधून आसनावर बसून पाहतात. हात पोहोचतो काय? दुपारच्या उन्हात काचेवर तिरीप येते काय? रात्रीच्या मंद दिव्यात आकडा वाचता येतो काय? पुठ्ठा बदलणे स्वस्त, पत्रा बदलणे महाग.

दुसरा परिणाम वायुदाबाच्या नळ्यांवर. वेग, उंची आणि चढ-उतार दाखविणारी तिन्ही उपकरणे बाहेरील हवेचा दाब एकाच नळीतून घेतात. त्यांपैकी एक काढून पुन्हा जोडताना सांधा सैल राहिला, तर तिन्ही एकदम चुकीचे बोलू लागतात. उंचीदर्शक तर मुळातच दाब मोजणारे यंत्र आहे. त्यावरील दाबाची मांडणी १० हेक्टोपास्कलने चुकली की उंचीत सुमारे ८० मीटरांची चूक होते. नांदेडची जमीन समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरहून अधिक उंच आहे. मुंबईहून निघून ढगांतून नांदेडला उतरणाऱ्याने ही मांडणी तपासली नाही, तर जमीन त्याला अपेक्षेपेक्षा लवकर भेटेल!

तिसरा परिणाम विजेवर. प्रत्येक उपकरण वीज घेते. सर्वांच्या गरजेची बेरीज करून ती विद्युतजनित्राच्या क्षमतेशी ताडून पाहावी लागते. तार योग्य जाडीची हवी आणि तिच्या संरक्षणासाठी फ्यूज हवा. जनित्र बंद पडले तर सुखरूप उतरेपर्यंत बॅटरी पुरली पाहिजे.

चौथा परिणाम होकायंत्रावर. वाहत्या विजेजवळ चुंबकसुई हलते हे ओर्स्टेड यांनी १८२० साली दाखविले आणि हा प्रयोग आपल्या शाळांतून आजही होतो. फलकामागून नेलेली तार किंवा जवळ बसविलेला पोलादी स्क्रू होकायंत्राला तसाच भुलवितो. म्हणून बदलानंतर विमान जमिनीवर निरनिराळ्या दिशांना उभे करून चूक मोजतात व तिचे कोष्टक फलकावरच लावतात.

पाचवा परिणाम तोलावर. समजा, विमानाचे वजन ६०० किलो आहे आणि ४ किलोचे उपकरण गुरुत्वमध्याच्या ६० सेंटिमीटर पुढे बसविले. गुरुत्वमध्य सुमारे ४ मिलिमीटर पुढे सरकेल. हे क्षुल्लक वाटते. परंतु एकामागून एक असे बदल झाले आणि कोणी नोंदच ठेवली नाही, तर कागदावरील विमान एक आणि आकाशातील विमान दुसरेच, अशी अवस्था होते.

अलीकडे सहा तबकड्यांऐवजी एकच विद्युत्-पडदा बसविण्याकडे कल आहे. वजन वाचते, नकाशा व हवामान समोर दिसते. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने आपल्या 'हंस' या लहान प्रशिक्षण विमानाची नवी आवृत्ती २०२१ साली उडविली, तीत असाच पडदा आहे. पण पडदा आला म्हणजे सुरक्षितता आपोआप आली, असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० साली एका इंजिनाच्या, कारखान्यात बनलेल्या लहान विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडदा असलेल्या विमानांत एकूण अपघातांचे प्रमाण कमी आढळले; प्राणांतिक अपघातांचे प्रमाण मात्र अधिक आढळले. नव्या उपकरणांचे वेगळे शिक्षण आवश्यक आहे, हा त्या मंडळाच्या शिफारशींचा गाभा होता. म्हणूनच शहाणा बांधकाम करणारा पडद्याशेजारी वेग व उंची दाखविणाऱ्या, विजेवर न चालणाऱ्या दोन जुन्या तबकड्या ठेवतो.

मित्रहो, कारखान्यातून आलेल्या विमानात बदल करावयाचा तर त्यामागे अभियंत्यांचा मोठा वर्ग उभा असतो. घरी बांधणाराच स्वतःचा अभियंता, स्वतःचा गवंडी आणि स्वतःचा तपासनीसही असतो. यात मोठे सुख आहे आणि मोठा धोकाही आहे. आपलेच काम आपल्या डोळ्यांना निर्दोष दिसते. म्हणून तीन पथ्ये आवश्यक ठरतात. बदल करण्यापूर्वी कागदावर मांडणे, बदल केल्यावर दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घेणे, आणि प्रवासी न घेता, निरभ्र दिवशी, धावपट्टीच्या आसपास उडवून पाहणे. नंतर नोंदवहीत तारीख, वजन व सही. पुढे विमान विकत घेणाऱ्याला, त्याची दुरुस्ती करणाऱ्याला, प्रसंगी अपघाताची चौकशी करणाऱ्याला त्या वहीखेरीज दुसरा साक्षीदार नसतो.

येथे अधिकाऱ्यांचे कर्तव्यही येते. नियम हे कल्पक माणसाची वाट अडविण्यासाठी नसून त्याच्याखाली राहणाऱ्या लोकांच्या रक्षणासाठी असतात. परंतु अर्जाला वेळेवर, स्पष्ट आणि कारणांसह उत्तर मिळाले पाहिजे. नकारही चालेल, मौन चालणार नाही. कारण मौनाला कंटाळलेला मनुष्य एक तर उमेद सोडतो किंवा नियमाला बगल देतो, आणि दोन्हींत समाजाचे नुकसान आहे.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वायुदाब, चुंबकत्व, विद्युत्प्रवाह, तरफेचा नियम हे धडे आपण वेगवेगळे शिकवितो. विमानाच्या फलकावर ते सारे एकत्र नांदतात. पुठ्ठ्याचा एक फलक करून वर्गात लावा आणि प्रत्येक तबकडी कशावर चालते, ती चुकली तर काय होईल, हे मुलांना विचारा. पंचायत सदस्यांनीही आपल्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरातील फलक एकदा पाहावा. काटे चालू आहेत काय, ते नेमलेल्या माणसाला दिसतात काय, आणि शेवटची दुरुस्ती कोणी व कधी केली याची नोंद आहे काय? आकाशातील शिस्त आणि पंपघरातील शिस्त वेगळी नाही.