छताआडचा मेळ : स्प्रिंकलरचे नळ आणि हवेच्या वाहिन्या



९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि १० अर्भके दगावली. रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेचा प्रश्न त्या घटनेने साऱ्या राज्यापुढे उभा केला. माणूस धावून येण्यापूर्वीच आगीच्या जागी पाणी शिंपडणारी स्प्रिंकलर यंत्रणा हा या सुरक्षेचा एक महत्त्वाचा भाग होय. परंतु यंत्रणा बसवली म्हणजे ती उपयोगी पडेलच, असे नाही.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील न्यू हेवन येथील पियानोचे कारखानदार हेन्री पार्मली यांनी आपल्या कारखान्याच्या रक्षणासाठी १८७४ मध्ये पहिला व्यवहारोपयोगी स्वयंचलित स्प्रिंकलर तयार केला. आजच्या तोटीचे तोंड द्रव भरलेल्या काचेच्या लहानशा फुग्याने बंद केलेले असते. नेहमीच्या वापरातील तोटीचा फुगा ६८ अंश सेल्सियसच्या सुमारास फुटतो, पाणी खालच्या चकतीवर आदळते आणि छत्रीसारखे पसरते. एका तोटीने सर्व तोट्या सुटतात, हा समज चुकीचा आहे. जी तापते तीच सुटते. म्हणूनच प्रत्येक तोटीखालची जागा मोकळी असणे अगत्याचे ठरते.

अडचण येते ती येथेच. स्लॅब आणि शोभेचे छत यांमधील जागा मोजकीच असते. तीत सांडपाण्याचे नळ, विजेच्या तारा, हवा खेळविणाऱ्या पत्र्याच्या रुंद वाहिन्या, म्हणजे डक्ट, आणि स्प्रिंकलरचे नळ या सर्वांना सामावून घ्यावयाचे असते. ही कामे बहुधा निरनिराळ्या कंत्राटदारांकडे असतात. जो आधी येतो तो सोयीची जागा घेतो. मागाहून येणारा उरलेल्या जागेत नळ बसवितो. मग एखादी तोटी डक्टच्या आड जाते. आग लागल्यास पाणी डक्टच्या पत्र्यावर पडते, खालची खाट कोरडी राहते. थंड हवेचा झोत तोटीवर सतत येत असेल, तर फुगा तापण्यासही विलंब लागू शकतो.

यावर उपाय म्हणजे एकच एकत्रित नकाशा. सांडपाण्याच्या नळाचा उतार बदलता येत नाही, म्हणून त्याला पहिला मान. डक्ट आकाराने मोठी, तिला दुसरा. स्प्रिंकलरच्या नळात पाणी दाबाखाली असल्याने तो वर-खाली वळविता येतो. मात्र प्रत्येक वळणाने दाब काहीसा घटतो, याचा हिशेब ठेवावा लागतो. नळ वळला तरी चालेल, परंतु त्यामुळे तोटी आडोशाला जाता कामा नये, हे या कामाचे सूत्र होय. डक्ट फारच रुंद असेल, तर तिच्याखाली स्वतंत्र तोट्या द्याव्या लागतात; अमेरिकेच्या एनएफपीए १३ या मानकात ही मर्यादा सुमारे १.२ मीटर रुंदीची आहे. नळाचा भार डक्टवर न टाकता इमारतीच्या स्लॅबवर किंवा तुळईवर द्यावा. डक्टमधील आगरोधक झडपेची तपासणी करण्याचे दारही नळांनी अडवू नये.

भारतात अशा कामांना राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ आणि भारतीय मानक १५१०५ यांचा आधार आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते. तथापि मुळातच आडोशाला बसलेली तोटी चालू स्थितीत असूनही निरुपयोगी ठरू शकते. तो दोष छत बंद होण्यापूर्वीच दूर करणे स्वस्त व सोपे असते.

म्हणून रुग्णालय, वसतिगृह वा सभागृह उभारले जात असताना संबंधित अधिकाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. सर्व कंत्राटदारांची सही असलेला एकत्रित नकाशा कोठे आहे? आणि छत बंद करण्यापूर्वी प्रत्येक तोटीखालची जागा कोणी पाहिली? हे प्रश्न विचारण्यास अभियंता असावे लागत नाही. त्यांची उत्तरे लेखी मिळाल्याखेरीज छत बंद होऊ देऊ नये. छताआड गेलेली चूक एरवी दिसत नाही. ती दिसते ती आग लागल्यावरच, आणि तेव्हा दुरुस्तीची वेळ टळून गेलेली असते.