झाडं हवीत, पण कुणाला विचारून?

(नवी मुंबईत, बेलापूरच्या कोकण भवनासमोरच्या धरण्यात झालेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्या पाड्यावर वाचून दाखवावं.)



आपण दाव्यांच्या निकालासाठी इथं बसलोय. बसल्या बसल्या एक नवी गोष्ट समजून घेऊ, कारण ती आपल्या दाव्यांच्या आड येतेय.

गाड्या, कारखाने, कोळशावरची वीज, यांच्या धुरातून कार्बनचा वायू हवेत जातो. हवा तापते, पाऊस बिघडतो. पाऊस बिघडला की आधी आपली नाचणी-वरई जाते. झाड हा वायू पानातून ओढून घेतं, लाकडात नि मुळात साठवतं. झाड जळलं की वायू पुन्हा हवेत. भारतानं २०१५ साली जगाला शब्द दिला, की २०३० पर्यंत जंगल वाढवून २५० ते ३०० कोटी टन वायू जादा साठवू. काम चांगलं आहे. झाडाला आपला विरोध कधीच नव्हता.

पण पैसा कुठून येतो, कुठं जातो ते बघा. इथून जवळच विमानतळ झाला. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, खाडीतली खारफुटी गेली. बदल्यात दुसरीकडं खारफुटी लावायची अट आली. डोंगरातलं जंगल प्रकल्पाला दिलं तरी हीच रीत. प्रकल्पवाला पैसे भरतो, त्यातून दुसरीकडं झाडं लावतात. त्याला कॅम्पाचा निधी म्हणतात. २०१६ साली त्याचा कायदा झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्रानं राज्यांना ४७ हजार कोटींच्या वर रक्कम दिली. महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८४४ कोटी आले.

झाडं लावायला जागा लागते. काही प्रकल्पांना उजाड वनजमिनीवर दुप्पट क्षेत्रात लावायची मुभा आहे. २०२३ च्या ग्रीन क्रेडिट नियमांखालीही कंपन्यांच्या पैशानं अशाच जमिनीवर लागवड होते. आता सांगा, कागदावरची ‘उजाड’ जमीन कोणती? कुणाची दळी, कुणाचं गुरचरण!

आमच्या वाडीत दोन पावसाळ्यांमागं हेच झालं. वरई पेरायच्या आधी दळीवर खड्डे पडले. दावा भरलेला, पोच घरात. कुणी विचारलं नाही. सागाची रोपं आली, पुढच्या उन्हाळ्यात निम्मी वाळली. फलक मात्र उभा आहे. डोंगराच्या पलीकडं आम्ही पाळीपाळीनं वणवा अडवतो. तिथं ऐन, हिरडा, मोह आपसूक फुटून वर आलेत. ते कुणी मोजलं नाही, त्याला कुणी पैसा दिला नाही. कार्बन तर तिथंच साठलाय ना?

कायदा काय म्हणतो? वनहक्क कायदा २००६, कलम ४(५): दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत ताब्यातल्या जमिनीवरून कुणालाही हटवता येत नाही. कलम ३ आणि ५: सामूहिक जंगल राखायचा, वाढवायचा हक्क आणि अधिकार गावाचा, ग्रामसभेचा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ साली हा हक्क मिळवला आणि पुढं आपला बांबू आपण विकला. अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीनं दावा फेटाळला, तर २०२० पासून विभागीय आयुक्तांच्या समितीकडं अपील करता येतं. म्हणून तर पालघर-शहापूरची माणसं आज इथं आलीत.

घरी गेल्यावर तीन कामं करू.

एक, दाव्याची पोच, नकाशा, पंचनामा एका पिशवीत ठेवू. मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नये, झेरॉक्स द्यावी.

दोन, ग्रामसभेत ठराव करू: लागवड कुठं, कोणत्या झाडांची, राखण कोण करणार, मजुरी किती, हे ग्रामसभा ठरवील. मोह, हिरडा, बेहडा, आंबा लावा. नुसता साग नको.

तीन, खड्डे खणायला माणसं आली तर मजुरांशी भांडू नये, तीही आपल्यासारखीच पोटासाठी आलेली. आदेश मागावा, गट नंबर बघावा, पंचांसमोर लिहून घ्यावं आणि त्याच दिवशी अर्ज द्यावा.

धूर दुसऱ्यांनी केला, राखण आपण केली. झाडं लावू, जगवू. पण आमची दळी घेऊन नाही, आम्हाला विचारून.

जोहार! जिंदाबाद!