बीजातून दवबिंदू



कीटकभक्षी वनस्पतीचे नाव काढताच मुलांच्या डोळ्यांत भीती आणि कुतूहल एकदमच दाटते. पावसाळ्यात कासच्या पठारावर आढळणारा दवबिंदू याच जातकुळीतला. पानावरच्या केसांच्या टोकाशी चिकट थेंब असतो. त्यावर बसलेला किडा सहसा सुटत नाही. चार्ल्स डार्विनने १८७५ साली अशा वनस्पतींवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यातला मोठा भाग दवबिंदूनेच व्यापला आहे.

नवशिक्याने 'ड्रॉसेरा बर्मानी' ही जाती निवडावी. बी धुळीसारखे बारीक असते. ते पुरू नये; त्याला रुजायला उजेड लागतो. पीट आणि स्वच्छ धुतलेल्या वाळूच्या ओल्या थरावर ते नुसते भुरभुरावे. कुंडीखालच्या बशीत पावसाचेच पाणी ठेवावे, नळाच्या पाण्यातले क्षार त्याला सोसत नाहीत.

रोपे मरतात ती बहुधा मायेपोटी. कुणीतरी चमचाभर खत घालते आणि मुळे जळतात. निकस जमिनीत नत्र मिळेना, म्हणून तर हे झाड किड्यांकडे वळले! पालकांना हे ऐकणे थोडे जड जाईल.

रानातून मात्र काहीही उपटून आणू नये. मेघालयातील घटपर्णी अशा हौसेपायीही दुर्मीळ झाली आहे.

काही आठवड्यांत टाचणीच्या डोक्याएवढी रोपे दिसू लागतात. भिंगातून पाहिले तर त्या इवल्या पानांवरही थेंब चमकतात. हे झाड बहुधा वर्षभरच जगते. फुले सरली, की बोंडे उकलण्याआधी खाली कागद पसरून ठेवावा.