खिडकीतला मधला दांडा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणावरून)



इमारतीची मोठी दुरुस्ती आता सुरू होईल. मी इंजिनिअर, म्हणून जिन्यात भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "काका, हॉलच्या खिडकीतला मधला उभा दांडा काढून एकच मोठी काच बसवली तर?" तर आज त्या दांड्याविषयीच चार शब्द बोलतो.

स्थापत्यात त्याला 'मलियन' म्हणतात. फोर्टमधल्या मुंबई विद्यापीठाच्या जुन्या इमारती बघा. राजाबाई टॉवर १८७८ चा. तिथल्या उंच खिडक्यांत दगडी मलियन आहेत. त्या काळी मोठ्या काचा सहज मिळत नसत, म्हणून खिडकीचे उभे भाग पाडत. आज मोठी काच मिळते. मग दांडा कशाला?

वाऱ्यासाठी. भारतीय मानक ८७५ मध्ये मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो. आपली हॉलची खिडकी ४ बाय ५ फूट. तिच्यावर दोनशे किलोंहून जास्त भार येतो. त्यातला जवळजवळ निम्मा हा दांडा वरच्या-खालच्या चौकटीला पोचवतो. ग्रिल हे काम करत नाही. ग्रिल चोराला अडवतं, वाऱ्याला नाही.

दोन टोकांना टेकलेली फळी घ्या. टेकूंमधलं अंतर दुप्पट केलं, की तिच्यातला ताण चौपट होतो आणि वाक सोळापट. काच चारही बाजूंनी धरलेली असल्यानं आकडे कमी येतात, पण प्रकार तोच. कुणी म्हणेल, टफन्ड काच लावू. ती जास्त भार सोसते हे खरं, पण तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेइतकीच वाकते. काच वाकली की रबर सुटतं आणि पावसाचं पाणी आत येतं.

मोठी काच नकोच, असं माझं म्हणणं नाही. जाड काच आणि भक्कम चौकट घेतली तर ती बसवता येते. पण तो हिशेब अॅल्युमिनिअमवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. कार्यकारिणीला विनंती, की इंजिनिअरच्या सहीचा नकाशा दाखवल्याशिवाय दांडा काढायला परवानगी देऊ नये. या खिडक्यांच्या बरोबर खाली आपली मुलं खेळतात.