अंगणात आलेली शाळा



दिवसभर राबून तुम्ही वर्गाला येता. पाटी हातात घेताना कुणाच्या मनात येतं, "आता या वयात शिकून काय करायचं?" आज आम्ही तुम्हाला एका बाईंची हकिगत सांगणार आहोत. त्या बालवाडीच्या शिक्षिका होत्या. त्यांचे नाव अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १९१० साली पुणे जिल्ह्यातील मोरगावी झाला. मोरगाव म्हणजे मोरेश्वराचे गाव. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि थोड्याच महिन्यांत नवरा वारला. त्या काळी बालविधवेचे जिणे कसे असे, ते घरच्या जुन्या माणसांकडून तुम्ही ऐकले असेल. घराचा कोपरा आणि चूल, एवढेच तिचे जग. पण अनुताई कोपऱ्यात बसल्या नाहीत. त्या शिकल्या. आधी नाशिक जिल्ह्यातील चांदोरीला आणि मग पुण्याला शिक्षिका झाल्या. पोरीबाळींना शिकवायचे आणि स्वतःही शिकायचे, असा त्यांचा क्रम होता.

१९४५ साली त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाईंनी गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते. लहान मुलांच्या चांगल्या शाळा शहरात निघाल्या, पण त्यांत जाणार कोण? पैसेवाल्यांची मुले. खेड्यातल्या गरिबाच्या पोराने काय करावे? म्हणून ताराबाई बोर्डी या समुद्राकाठच्या गावी आल्या. तेव्हा हे गाव ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ सालापासून ते पालघर जिल्ह्यात आहे. पुण्याची नोकरी सोडून अनुताईही तिथे गेल्या.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली. पण गरीब वस्तीतली मुले काही येईनात. आता आपण काय म्हणतो? "या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही." एवढे म्हणून आपण हात झटकतो. या दोघींनी तसे केले नाही. मुले शाळेत येत नाहीत ना? मग शाळाच मुलांकडे नेऊ या, असे त्यांनी ठरवले. त्या वस्तीत गेल्या. कुणाचे अंगण पाहिले, तिथेच मुलांना गोळा केले. आधी हातपाय, तोंड धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी.

खेळणी कुठून आणली? ती विकत आणावी लागली नाहीत. शिंपले, खडे, बिया, पाने, फुले हीच खेळणी. तुम्ही म्हणाल, यात शिक्षण ते काय? जरा विचार करा. मूल चिंचोके एकीकडे आणि खडे दुसरीकडे करतं, तेव्हा त्याचा डोळा फरक ओळखायला शिकतो. एकेक बी चिमटीत धरतं, तेव्हा बोटांना वळण लागतं. त्याच बोटांनी पुढे पेन्सिल धरायची असते. पाच बिया मांडून दोन उचलल्या की वजाबाकी समजते. हे सगळे आपल्या परसातच पडलेले असते.

पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारल्यांची वस्ती. वारली लोक पिढ्यान् पिढ्या जमीनदाराची वेठ करीत आलेले. घरात दोन वेळच्या भाकरीची वानवा. मोठी माणसे मजुरीला जात. मग धाकटे पोर कोण सांभाळणार? आठ-नऊ वर्षांची बहीण. तिच्या कडेवर पोर, ती शाळेत कशी येणार? म्हणून कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिला 'विकासवाडी' म्हणत. ताईने भावाला पाळण्यात ठेवावे आणि आपण वर्गात जाऊन बसावे.

काही मुले गुरे राखत. गुरे सोडून ती शाळेत येणार नाहीत. तर शिक्षक कुरणात गेले. गुरे चरताहेत आणि झाडाखाली मुले शिकताहेत, अशी ती 'कुरणशाळा'.

मंडळी, या गोष्टीतून आम्ही काय घेतले ते सांगतो. आमच्या वर्गाला माणसे कमी आली की आम्हीही लोकांनाच बोल लावीत असू. मग एकदा आम्ही घरोघर जाऊन विचारले. बाया म्हणाल्या, "तुमच्या वर्गाची वेळ तीच आमची भाकऱ्या थापायची वेळ. कसं येणार?" चूक आमची होती. आम्ही वर्ग तासभर पुढे ढकलला आणि त्या बाया येऊ लागल्या. न येणाऱ्यावर रागावण्याआधी त्याची अडचण विचारावी, हे आम्ही अनुताईंच्या कामावरून शिकलो.

आता तुमच्याकडे येऊ. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने लहान मुलांसाठी मोठी योजना सुरू केली. तिच्या केंद्रालाही अंगणवाडी असेच नाव आहे. तिथे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आहाराकडे आणि वाढीकडे लक्ष देतात. तीन वर्षे झालेल्या मुलांना खेळातून शिकवतात. तुमचे मूल तिथे जाते का? "खिचडी खायला जातं," एवढे म्हणून सोडू नका. एक दिवस स्वतः जाऊन बसा. मुलाचे वजन किती भरले ते ताईंना विचारा. घरातली मोठी मुलगी धाकट्यापायी शाळा बुडवत असेल, तर तेही बोला. मार्ग निघतो.

आणि ज्यांच्या मनात "आता या वयात?" असे येते, त्यांच्यासाठी शेवटची गोष्ट. अनुताई १९६१ साली बी.ए. झाल्या. तेव्हा त्यांचे वय ५१ वर्षांचे होते. दिवसा टेकडीवरच्या पोरांची नखे कापायची आणि आपला अभ्यासही करायचा. १९८५ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.  २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांनी देह ठेवला.

तेव्हा उद्या वर्गाला या. येताना शेजारणीलाही हाक मारा. ती येत नसेल, तर का येत नाही ते विचारा आणि आम्हाला सांगा.