मालाचे विमान की मालकाचे विमान?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागच्या खोलीत कपबश्या मोजीत असते. यंदा चिटणीसबाईंनी मला इथे उभे केले व वर सांगितले की, तुमच्या घरात गेल्या वर्षी जो वाद झाला तोच सर्वांना सांगा. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि वाद होता विमानाचा! तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्यावे. विमानातले मला जे थोडेफार कळते ते पुतणीने सांगितलेले, व बाकीचे मी संसारातून ताडलेले आहे.

माझ्या थोरल्या दिरांची मुलगी वैमानिक आहे, हे आपणांपैकी बऱ्याच जणींस ठाऊक आहे. बारावीला गणित व पदार्थविज्ञान घेऊन ती गोंदियाजवळ बिरशी येथे विमान शिकावयास गेली. परवान्यासाठी दोनशे तास उडावे लागते. ते तास भरावेत म्हणून भावजींनी तीन एकर वावर विकले. विहिरीकडचे होते ते. मग प्रवासी विमानात ती काही वर्षे सहवैमानिक होती, आणि गेल्या वर्षी तिच्या हाती एकदमच दोन पत्रे आली. एक पत्र मालाची विमाने चालविणाऱ्या कंपनीचे होते. दुसरे एका मोठ्या कारखानदाराकडचे, त्याच्या स्वतःच्या आठ माणसांच्या विमानासाठी. पगार दोन्हीकडे आमच्या घराला भोवळ यावी एवढाच, त्यामुळे पैशावरून निवड करण्याची सोयच राहिली नाही.

जाऊबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. "वावर विकून पोरगी शिकविली ती काय पेट्या वाहावयास? लग्नाच्या बैठकीत विचारतील तर काय सांगू, रात्री हमाली करते म्हणून?" कारखानदाराच्या विमानात मंत्री बसतात, उद्योगपती बसतात, झोप रात्रीची मिळते, चांगल्या हॉटेलात मुक्काम पडतो. यातले काहीही खोटे नव्हते. भावजी गप्प बसले. पोर माझ्याकडे पाहून म्हणाली, "काकू, तुम्ही सांगा. काकांनी दोन्ही केले आहे."

तिचे म्हणणे खरे होते. आमच्या घरातल्यांनी अकरा वर्षे मालट्रक चालविला. इथून कापसाच्या गाठी, कधी सोयाबीन, कधी हळद भरून भैंशावरून खाली हैदराबादेस जावयाचे. त्यानंतर सात वर्षे एका मालकाची गाडी चालविली. गाडी थंडगार, अंगावर पांढरा गणवेश. मालकाचे नाव मी घेणार नाही, माणूस वाईट नव्हता. लोक मला म्हणत, सुटलीस बाई. मलाही तसेच वाटले.

परंतु भगिनींनो, ट्रकवर असताना ते आठ-आठ दिवस नसत, तरी मला ठाऊक असे की बुधवारी रात्री येतील. बुधवारी मी जवारीचे पीठ जास्त मळीत असे. मालकाच्या गाडीवर गेल्यापासून ते रोज घरी असत, आणि एकही दिवस आमचा नसे. ताट वाढले की फोन. सासऱ्यांनी डोळे मिटले त्या रात्री हे मालकांच्या नातलगांच्या लग्नात, बाहेर गाडीत बसून होते. जेवण झाल्यावर निघू, असे मालक म्हणाले होते. जेवण पहाटे दोनला झाले. हे भोकरला पोचले तेव्हा लोक स्मशानातून परतत होते. मालकांना निरोप पोचलाच नव्हता, ही गोष्ट खरी. दुसरा ड्रायव्हर नव्हता हीही खरी.

मी पोरीला एवढेच विचारले, "तुझ्या त्या कारखानदाराकडे वैमानिक किती?" ती म्हणाली, "माझ्यासह दोन." विमान चालविण्यासच दोघे लागतात. म्हणजे एकीला ताप आला तर मालकाचे विमान जमिनीवर. अशा ठिकाणी ताप येत नाही, भगिनींनो, येऊ देत नाहीत.

मग तिने मला पुष्कळ गोष्टी सांगितल्या. मालाची विमाने हा काही हलका धंदा नाही. आपल्या देशात जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईस पहिले टपाल-विमान आणले, त्यात टपालाच्या थैल्या होत्या. माणसे नंतर बसली. १९४९ साली नागपूरची रात्रीची टपाल-विमाने सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्री विमाने निघत, मध्यरात्री नागपुरास जमत, थैल्यांची अदलाबदल करीत व उजाडेपर्यंत आपापल्या गावी परतत. संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी हजार कोसांवर मिळे. ती सेवा १९७० नंतर बंद झाली, पण चाल तीच राहिली आहे. ब्लू डार्टची विमाने १९९६ पासून उडत आहेत. ही विमाने मुख्यत्वे रात्रीच चालतात, कारण लोकांना पार्सल सकाळी हवे असते.

या कामात तक्ता आधी हाती येतो. कोणत्या रात्री उडावयाचे, कोणता दिवस मोकळा, हे लिहिलेले असते. वैमानिक पुष्कळ असतात, म्हणून एक नसला तरी दुसरा निघतो. पेट्या भांडत नाहीत व उशीर झाला म्हणून ओरडत नाहीत, असे पोर म्हणते. खासगी विमानात मात्र बॅगा चढविणे, चहा-खाण्याची व्यवस्था पाहणे, कधी आतली झाडलोटदेखील वैमानिकाकडेच येते. मग मालक सभेस गेले की नांदेड-लातूरसारख्या लहान विमानतळावर चार तास, सहा तास वाट पाहणे. पाचला निघू म्हणालेले साहेब आठला येतात. जाऊबाईंना हे ऐकून नवल वाटले. मला वाटले नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगताना पोरीचा आवाज बदलला. पावसाचे ढग असले की मालाच्या कंपनीत "आज नको" हे वैमानिक कार्यालयास सांगतो. खासगी विमानात ते त्याला, ज्याने पगार द्यावयाचा, त्याच माणसाच्या तोंडावर सांगावे लागते, आणि त्याची सभा तर वाट पाहत असते. माधवराव सिंदिया ३० सप्टेंबर २००१ रोजी कानपूरच्या सभेस निघाले होते. खराब हवेत मैनपुरीजवळ विमान पडले व विमानातले सर्व जण गेले. तिथे कोण काय बोलले हे मला ठाऊक नाही व मी कोणास दोष देत नाही. आमचे हे मात्र एवढेच म्हणाले, "मागच्या सीटवरच्या माणसाला नाही म्हणणे फार अवघड."

पण मी एकतर्फी बोलले तर तो अन्याय होईल. रात्रीचे काम शरीर खाते. अकरा वर्षांच्या ट्रकने यांचे पोट बिघडले ते अजून सुधारले नाही. ते म्हणतात, पहाटे तीन ते पाच ही वेळ वैऱ्याची. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. अमेरिकेत १४ ऑगस्ट २०१३ रोजी यूपीएस कंपनीचे मालाचे विमान अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमला उजाडण्यापूर्वी उतरताना कोसळले व दोन्ही वैमानिक ठार झाले. चौकशीत इतर कारणांबरोबर थकवाही निघाला. त्यानंतर, २०१४ च्या आरंभी, तिथे विश्रांतीचे कडक नियम लागू झाले. पण ते प्रवासी विमानांपुरतेच, मालाची विमाने वगळून! पेटी सोबत असली की चालविणाऱ्याला झोप कमी लागते की काय, देव जाणे. आपल्याकडे २०२५ साली वेळापत्रकाने उडणाऱ्या कंपन्यांच्या वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर आली. बरे झाले.

खासगी विमानांतही सगळीकडे हाच कारभार असतो असे नाही. अमेरिकेतील नेटजेट्स कंपनीपाशी शेकडो विमाने आहेत व तिथे सात दिवस काम, सात दिवस सुटी अशी वाटणी मिळू शकते. याउलट समुद्रापार माल नेणारे वैमानिक दोन-दोन आठवडे घर पाहत नाहीत. तेव्हा माल की मालक, एवढ्यावरच भागत नाही. बदली माणूस आहे की नाही, आणि सुटीचा दिवस कागदावर लिहिलेला आहे की कोणाच्या मर्जीत, हे बायकांनी विचारावे. जावई पाहताना आपण पगार विचारतो, हे कधी विचारीत नाही.

या खटपटीत पोरीने मला एका बाईची हकीकत वाचून दाखविली. प्रेम माथुर त्यांचे नाव. १९४७ साली त्यांना व्यावसायिक परवाना मिळाला, पण बाई म्हणून आठ कंपन्यांनी नकार दिला. शेवटी घेतले ते हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने, म्हणजे ज्या राज्यात आपले भोकर होते तिथल्याच कंपनीने. पण तिथे विमानाचा पूर्ण ताबा मिळेना, म्हणून त्या घनश्यामदास बिर्लांच्या खासगी विमानावर गेल्या. पुढे १९५३ साली त्या इंडियन एअरलाइन्समध्ये दाखल झाल्या. जाऊबाई लगेच म्हणाल्या, "बघा, त्याही मालकाकडे होत्याच की!" पोर म्हणाली, "हो आई, पण तिथून निघाल्यासुद्धा." यावर दोघी चार दिवस बोलल्या नाहीत.

शेवटी पोरीने मालाचे विमान धरले. मी धर म्हटले नव्हते. जाऊबाईंचा मजवर अजून थोडा राग आहे, व एक स्थळ यापायीच परत गेले, हेही मी लपवीत नाही. मुलाच्या आईने विचारले, "सून रात्री बाहेर असणार?" भावजी म्हणाले, "होय, आणि कोणत्या रात्री ते आम्ही आधी सांगू." ती मंडळी चहा न घेता उठली.

पोर आता दिवसा झोपते. खिडकीला तिने काळे कापड लावले आहे. तिचा चेहरा ओढल्यासारखा दिसतो. मी विचारले की म्हणते, होईल सवय. मला खात्री वाटत नाही. यांनाही झाली नव्हती.

दर महिन्याचा तक्ता ती घरी पाठविते. जाऊबाईंना त्यातली अक्षरे लागत नाहीत, पण रिकामे चौकोन बरोबर कळतात. तो कागद त्यांनी देवघराच्या भिंतीवर, कालनिर्णयाशेजारी टाचला आहे. परवाचा चौकोन रिकामा आहे. म्हणूनच त्या आज सभेस आल्या नाहीत. अनारशांचे पीठ काढून बसल्या आहेत.