कालज जरा आणि अकालज जरा



सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्याधींचे प्रकार सांगताना क्षुधा, तृषा, निद्रा आणि मृत्यू यांच्या पंक्तीस जरेला बसविले आहे. या सर्व स्वाभाविक व्याधी होत. परंतु आचार्य तेथेच थांबत नाहीत. शरीराचे नीट रक्षण करूनही यथाकाल येते ती कालज जरा, आणि रक्षणाच्या अभावी अवेळी येते ती अकालज, असा भेद त्यांनी केला आहे. वृद्धांच्या आरोग्याविषयी आज जे संशोधन चालले आहे, ते बहुतांशी हाच भेद मोजून पाहण्याचे होय.

मुंबईत देवनार येथे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने २०१७-१८ साली देशभर घरोघर जाऊन ४५ वर्षे व त्यावरील वयाच्या ७२ हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांची पाहणी केली. नुसते प्रश्न विचारले नाहीत. रक्तदाब, श्वास, दृष्टी, स्मरणशक्ती, इतकेच काय, मुठीचे बळही मोजले. जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे साठी उलटलेल्यांपैकी अनेकांना एखादा तरी जुनाट विकार आहे. घरोघरी त्याला एकच नाव असते : ‘वय झाले.’

उधन्यास हे विशेष लागू आहे. तापीकाठच्या लोहमार्गाने नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर, जळगाव या बाजूंनी आलेली किती माणसे येथे यंत्रमागावर उभी राहिली! मागांच्या अखंड खडखडाटात वर्षानुवर्षे काम केले की कान जातात, आणि ते इतके हळूहळू की ज्याचे जातात त्यालाही उमगत नाही. पुढे म्हातारा विचारले एक नि सांगतो दुसरेच. घरचे हसतात, मग बोलणेच सोडतात. बुद्धी चळली, असा निवाडा होतो. वस्तुतः बुद्धी शाबूत असते, बहिरेपण असते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०१७ पासून बहिरेपणाची गणना स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत केली आहे. म्हणजे वेळीच श्रवणयंत्र न लावणे हे खरोखरीच्या बुद्धिनाशालाही वाट करून देणे ठरू शकते.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकास, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान योजनेत घेतले आहे. तिच्यात वर्षाला पाच लाखांपर्यंतचा रुग्णालयीन खर्च मिळतो. मात्र तो रुग्णालयात दाखल झाल्यावर. रक्तदाबाची रोजची गोळी किंवा कानाचे यंत्र त्यात येत नाही. निर्धन वृद्धांना श्रवणयंत्र, चष्मा, काठी देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून वेगळी आहे. पण तिच्या शिबिरात वृद्धाला हाताला धरून नेणारे माणूस घरातलेच लागते. ज्याला हाक ऐकू येत नाही, त्याला दवंडी कोठून ऐकू यावी?

आणि त्याच घरातला मुलगा आज त्याच मागावर उभा आहे. त्याच्या कानांत बोळे आहेत की नाहीत, हे आजच पाहता येईल.